संशोधनांतील सोंवळें-ओंवळें

आमच्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांची कन्या पदवी घेऊन पुरातत्त्वाच्या अभ्यासाकडे वळली, तेव्हां ते मोठ्या काळजीच्या मुद्रेनें आमच्याकडे आले. मुलगी हल्लीं काय करते, असें विचारतां ते कांहींसे ओशाळून म्हणाले, "उत्खननांत सांपडलेलीं गुराढोरांचीं हाडें निवडते." हेंच तिनें एखाद्या अप्रसिद्ध बखरीचें संपादन चालविलें असतें, तर त्यांनीं तें चार लोकांत अभिमानानें सांगितलें असतें, याबद्दल आम्हांस शंका नाहीं. त्यांना एकट्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. संशोधनाच्या प्रांतांत सोंवळे विषय कोणते व ओंवळे कोणते, याविषयीं आपल्या सुशिक्षित समाजाची एक समजूत ठरून गेलेली आहे. आणि खेदाची गोष्ट ही, कीं मासिकांतून ग्रंथपरीक्षणें लिहिणारे आमच्यासारखे लोकहि तीच समजूत उराशीं बाळगून असतात.

या समजुतीचें मूळ शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि एक सबंध पिढी खेडोपाडीं हिंडून दप्तरांचे रुमाल सोडूं लागली. त्या तपश्चर्येचें ऋण थोर आहे. परंतु तेव्हांपासून संशोधक म्हटला, कीं मोडी कागदावर ओणवलेली पगडी आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते, ती आजतागायत. खुद्द राजवाड्यांना हें चित्र रुचलें नसतें. व्याकरण, व्युत्पत्ति, विवाहसंस्था, जेथें कुंपण दिसेल तें ओलांडण्याची त्यांना हौस होती. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ति आज कोणी स्वीकारणार नाहीं. पण चुकण्याच्या भीतीनें ते घरीं बसले नाहींत.

विषयाच्या प्रतिष्ठेवरून संशोधनाची किंमत ठरविणें किती फसवें आहे, हें पाहावयाचें असल्यास परशुराम कृष्ण गोडे यांचे लेख वाचावे. हे गृहस्थ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर होते व १९६१ सालीं निवर्तले. हस्तलिखितांच्या सहवासांत आयुष्य घालविलेल्या या पंडितानें लिहिलें कशावर? जिलबीवर, नथीवर, तंबाखूवर, रांगोळीवर, शोभेच्या दारूवर! असे शेंकडों लेख आहेत. जिलबीचा इतिहास म्हटल्यावर हंसूं येतें, हें आम्ही कबूल करतों. आम्हींहि प्रथम हंसलों होतों. परंतु लेख हातीं घेतला, कीं हंसूं मावळतें. नथ हें आपण पुराणकाळापासून चालत आलेलें सौभाग्यलेणें समजतों. गोडे कोश, काव्यें, वैद्यकग्रंथ, शिल्पें यांची साक्ष काढीत जातात, आणि नाकांतील दागिन्याचा उल्लेख आपल्या जुन्या वाङ्मयांत कसा मिळत नाहीं व तो पुढें केव्हां डोकावूं लागतो, हें शांतपणें मांडतात. ज्या घरांत रोज नथ घातली गेली, त्या घराला आपल्याविषयीं किती थोडें ठाऊक होतें, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. गोड्यांचा दोष निराळा आहे. ते उल्लेखांची रास घालतात आणि निष्कर्षाची वेळ आली, कीं अंग चोरतात. त्यामुळें त्यांचा लेख पुष्कळदां उत्तम टांचणाच्या वहीसारखा वाटतो. पण हा दोष त्यांच्या पद्धतीचा, जिलबीचा नव्हे.

गोडे ज्या मंदिरांत बसून हें लिहीत, तेथेंच महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम चाललें होतें. त्याच्या सोंवळेपणाबद्दल कोणासहि संशय नाहीं. १९१९ सालीं आरंभ, १९६६ सालीं समाप्ति, आणि १२५९ हस्तलिखितांची पाहणी! या कार्याची धुरा १९२५ पासून १९४३ मध्यें मृत्यु येईपर्यंत ज्यांनीं वाहिली, ते विष्णु सीताराम सुखठणकर मूळचे गणिताचे विद्यार्थी. केंब्रिजास गणित शिकून ते पुढें बर्लिनास भाषाशास्त्राकडे वळले. आमच्या मतें हा केवळ चरित्रांतील योगायोग नव्हे. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम् अशा नाना लिप्यांतील पोथ्या समोर ठेवून त्यांची वंशावळ लावावयाची म्हणजे भक्ति उपयोगी पडत नाहीं. एका लेखकाची चूक त्याच्या पोथीवरून नकललेल्या सर्व पोथ्यांत उतरते. म्हणून ज्या पोथ्यांच्या चुका समान, त्यांचें गोत्र एक. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या जाति एकमेकींपासून कशा फुटल्या हें ठरवितांना जीवशास्त्रज्ञ याच जातीचा युक्तिवाद करतात. आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें, तेव्हां व्यासांस गणपतीने लेखनांत साहाय्य केल्याची कथा संहितेंतून निघून परिशिष्टांत गेली, याचें कित्येकांस वाईट वाटलें असेल. पण ज्या कसोटीनें ती गेली, तीच कसोटी उरलेल्या संहितेला भरंवसा देते.

गणिती मनुष्य संस्कृतांत शिरला, तर आपण त्याचें कौतुक करतों. गणित पेटींत ठेवून न देतां बरोबर घेऊन शिरला, तर मात्र आपली पंचाईत होते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याबाबतींत असेंच झालें. गोव्यांत १९०७ सालीं जन्मलेले, हार्वर्डचे पदवीधर, फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे हे प्राध्यापक चांदीचीं आहत नाणीं एकेक करून तराजूंत घालूं लागले. त्या नाण्यांवर ना राजाचें नांव, ना सन. केवळ ठोकलेलीं चिन्हें. कोसंबींचा विचार साधा होता. नाणें हातोहात फिरतां फिरतां झिजतें. एका मापानें पाडलेलीं नाणीं जितकीं जास्त वर्षें फिरतील, तितकें त्यांचें सरासरी वजन उतरेल आणि नाण्यानाण्यांतील तफावत वाढत जाईल. म्हणून एका साठ्यांतील गट या दोन अंगांनीं तपासले, तर त्यांचा कालानुक्रम लागावा. पाठीमागच्या बाजूस जितकीं चिन्हें अधिक, तितकें नाणें हलकें, असेंहि त्यांना आढळलें. पद्धति खरी ठरते कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्यांनीं आपल्या काळच्या चलनी नाण्यांचींहि वजनें घेतलीं. कल्पना करावी, कीं आपल्या खिशांतल्या पैशाला मौर्यांच्या पूर्वीच्या नाण्याची साक्ष द्यावयास बोलाविलें आहे!

या निष्कर्षांवर पुढें नाणकशास्त्रज्ञांनीं आक्षेप घेतले. सर्व नाणीं सारखीं फिरत नाहींत, मूळ वजनें कितपत नेमकीं असत हें ठाऊक नसतें. आक्षेपांत तथ्य आहे. शिवाय कोसंबींची लेखणी इतकी तिखट, कीं प्रतिपक्षाला पटण्याच्या आधीं झोंबावें. तरीहि त्यांनीं एक गोष्ट करून ठेवली, जी आम्हांला त्यांच्या कोणत्याहि सिद्धान्तापेक्षां मोलाची वाटते: आपल्याशीं वाद कसा घालावा, याचें साधनच त्यांनीं वाचकाच्या हातीं दिलें. तराजू कोणीहि घ्यावा आणि पुन्हां वजन करावें. ज्या लेखांत अशी सोय नसते, त्याचा विषय वेद असो कीं पेशवाई, त्याला संशोधन म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. आणि असे लेख आतां थोडे नाहींत. पदोन्नतीसाठीं मजकूर मोजून द्यावयाचा असतो, तेथें विषयांचें वैविध्य पुष्कळ दिसतें. जत्रेंतील दुकानांतहि दिसतें.

आतां त्या हाडांविषयीं. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीं १९६८ पासून पुढें सुमारें पंधरा वर्षें उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं १६०० ते ७०० च्या सुमारास तेथें शेतकऱ्यांची वसाहत होती. त्या लोकांची एकहि लेखी ओळ नाहीं. तरीहि ते सातू पिकवीत, मेलेलें मूल दोन मडक्यांचीं तोंडें जुळवून राहत्या घराच्या जमिनीखालीं पुरीत, आणि मोठ्या माणसांस पुरतांना त्यांचीं पावलें तोडीत, हें आपण आज जाणतों. शेवटच्या शतकांत हवा कोरडी होत गेली, शेती उतरली, शिकार व पशुपालन वाढलें. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या. हें सांगणारे साक्षीदार म्हणजे करपलेले दाणे, दांत आणि हाडें. वनस्पतिशास्त्रज्ञानें दाणा ओळखला नसता व प्राणिशास्त्र जाणणाऱ्यानें हरणाचें हाड शेळीच्या हाडापासून निराळें केलें नसतें, तर दुष्काळानें गांजलेल्या एका मराठी मुलखांतल्या गांवाची ही आद्य कहाणी मातींतच राहिली असती. हिला बखरीहून कमी लेखावयाचें तें कोणत्या न्यायानें?

आमची खरी तक्रार शास्त्रज्ञांविषयींहि आहे. वर सांगितलेलें बहुतेक सर्व इंग्रजींत आहे. राजवाडे हट्टानें मराठींत लिहीत. त्यांच्यानंतर त्या हट्टाचे वारस थोडे झाले. इरावती कर्वे हा सन्माननीय अपवाद. बर्लिनास मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहिणारी ही विदुषी. तिनें भांडारकर मंदिराची आवृत्ति आधारास घेऊन १९६७ सालीं 'युगान्त' लिहिलें. कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे पाहतांना त्यांतील दृष्टि मोजमापाला सरावलेली आहे, हें कोणाहि लक्षपूर्वक वाचणाऱ्यास जाणवेल.

तेंच पुस्तक आम्हीं त्या सद्गृहस्थांना दिलें, आणि लेखिकेच्या कवट्यांची हकीकतहि सांगितली. महिन्याभरानें ते पुस्तक परत करावयास आले. गांधारीविषयीं बराच वेळ बोलले. उठतां उठतां त्यांनीं विचारलें, शेळीचें हाड आणि मेंढीचें हाड यांत फरक तो काय असतो? आम्हांला सांगतां येईना. तें घरींच विचारावें, असें आम्हीं त्यांना सुचविलें.