लांब नळी, अचूक नेम?

'शास्त्रीय कारणे द्या : लांब नळीच्या बंदुकीचा नेम अधिक अचूक असतो.' एका प्रश्नसंचात हा प्रश्न आमच्या वाचनात आला. अपेक्षित उत्तर असे : नळी लांब असल्याने गोळीवर बल अधिक अंतरापर्यंत कार्य करते, तिचा वेग वाढतो, म्हणून नेम अचूक लागतो. उत्तर पाठ करायला सोपे आहे. पण त्यातला 'म्हणून' आम्हाला खटकतो.

जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक घेऊ. तिच्यात स्प्रिंगच्या जोराने दट्ट्या हवा दाबतो. ही हवा ठरावीकच असते. छर्रा पुढे सरकतो तशी तिला जागा मिळते आणि दाब उतरतो. म्हणजे बल स्थिर नाही. 'नळी दुप्पट, तर वेग √2 पट' हे गणित येथे चालत नाही. एका मर्यादेपुढे दाब घर्षणाला पुरा पडत नाही आणि छर्रा नळीतच मंदावू लागतो. उत्तराचा पूर्वार्ध असा अर्धाच खरा आहे.

आता उत्तरार्ध. ऑलिंपिकच्या 10 मीटर एअर रायफल स्पर्धेत छर्रा 4.5 मि.मी. व्यासाचा, सुमारे अर्धा ग्रॅम वस्तुमानाचा असतो. वेग सेकंदाला 170 मीटर धरला, तर लक्ष्य गाठायला 0.059 सेकंद लागतो. तेवढ्यात गुरुत्वामुळे छर्रा सुमारे 17 मि.मी. खाली येतो. लक्ष्याचा मधला ठिपका तर अवघा अर्धा मि.मी.! तरी अडत नाही, कारण ही घसरण दर वेळी सारखी असल्यास नेम तेवढा वर बांधून ठेवता येतो. वेग 1 टक्क्याने घटला, तर मात्र छर्रा आणखी 0.35 मि.मी. खाली लागतो. तेव्हा हवा असतो तो एकसारखा वेग. जास्त वेग नव्हे.

मग लांब नळीची ख्याती खोटीच का? नाही. मागची खाच आणि पुढची माशी जुळवताना 0.1 मि.मी. चूक झाली आणि त्या दोहोंत 50 सें.मी. अंतर असेल, तर 10 मीटरवर 2 मि.मी. चूक होते. अंतर 80 सें.मी. केल्यास ती 1.25 मि.मी. उरते. हे समरूप त्रिकोणांचे काम आहे; ते माशी किती पुढे आहे यावर ठरते. म्हणूनच स्पर्धेच्या रायफलींत खरी नळी बहुधा सुमारे 42 सें.मी. असते आणि माशी पुढे नेण्यासाठी तिला पोकळ नळकांडे जोडतात. खरी नळीच लांबवली, तर तोटाही संभवतो. मुखवेग तोच आणि ढोबळ हिशेबासाठी त्वरण स्थिर मानले, तर 40 सें.मी. नळीतून बाहेर पडायला छऱ्याला 4.7 मिलिसेकंद लागतात, 60 सें.मी. साठी 7. तेवढा जास्त वेळ हाताच्या कंपाला नेम बिघडवायला मिळतो.

शिक्षकांनी याकरिता वर्गात बंदूक आणायची गरज नाही. एका पट्टीवर दोन टाचण्या आधी 20 सें.मी., मग 80 सें.मी. अंतरावर टोचाव्यात आणि मुलांना त्या फळ्यावरील ठिपक्याशी जुळवायला सांगावे. प्रत्येक वेळी पट्टीची रेषा फळ्यावर कोठे पोचते त्याची खूण करावी. कोणत्या खुणा जास्त विखुरतात ते मुले स्वतःच पाहतील.

'शास्त्रीय कारणे द्या' म्हणताना विधान खरेच आहे, असे आपण आधीच गृहीत धरतो. 'लांबीने काय बदलते यावर ते अवलंबून आहे' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रश्नात शून्य मिळेल. आमच्या मते पूर्ण गुण त्यालाच मिळायला हवेत.