देलारोश : गर्दीने उचललेला, समीक्षेने टाकलेला

पॉल देलारोश (१७९७–१८५६) या फ्रेंच चित्रकाराचे नाव आज निघते ते बहुधा एका उद्गारापुरते. छायाचित्रणाचा शोध पाहून चित्रकला संपली असे ते म्हणाले, ही आख्यायिका ग्रंथाग्रंथांतून फिरत आली आहे. तिला समकालीन आधार नाही. उलट १८३९ साली दागेरच्या शोधाची शिफारस करताना आरागो यांनी देलारोश यांचा अनुकूल अभिप्रायच पुढे ठेवला होता. जे बोलल्याचा पुरावा नाही त्या वाक्यावर ज्याची स्मृती तगून आहे, त्याची चित्रे तरी एकदा नीट पाहावीत, असे आम्हांस वाटले.

ग्रो यांच्या या शिष्याने इतिहासातील विजयोत्सव सहसा टाळले. त्याला ओढ होती ती पराभूतांची, आणि तीही इंग्लंडच्या इतिहासातील. १८३१ च्या सालोंमध्ये लंडनच्या मनोऱ्यातील दोन बाल राजपुत्र आले. शवपेटीचे झाकण उचलून मृत चार्ल्सकडे पाहणारा क्रॉमवेलही आला. राजपुत्रांच्या चित्रावरून काझिमीर देलाविन्य यांनी १८३३ मध्ये नाटक लिहिले. चित्राने नाटकाला जन्म द्यावा, हे देलारोश यांच्या बाबतीत अगदी स्वाभाविक होते. त्यांचे चित्र म्हणजे पडदा वर जाताच गोठलेला प्रवेश.

१८३४ च्या सालोंमधील ‘लेडी जेन ग्रेचा शिरच्छेद’ हे त्याचे शिखर. सुमारे अडीच मीटर उंच आणि तीन मीटर रुंद अशा या पटावर नऊ दिवसांची राणी डोळ्यांवर पट्टी बांधून गुडघे टेकते आणि हाताने ओंडका चाचपते. मनोऱ्याचा अधिकारी तिच्यावर वाकून, एखाद्या लहान मुलीला वाट दाखवावी तसा, तिला पुढे नेतो. खाली पेंढा पसरलेला आहे. एक दासी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. वस्तुतः हा वध १५५४ च्या फेब्रुवारीत उघड्या आवारात झाला. चित्रकाराने तो अंधाऱ्या तळघरात नेला आणि जेनला शुभ्र रेशीम नेसवले. इतिहासकाराने यावर नाक मुरडणे योग्यच. पण त्या चाचपणाऱ्या बोटांपुढे आमचा आक्षेप क्षणभर तरी गळून पडतो, हे कबूल केले पाहिजे.

गोतिए यांच्यासारख्या टीकाकारांनी या चित्रकारावर कठोर टीका केली. गुळगुळीत हात, नाटकी मांडणी, रंगांत जोखीम नाही : यांतला एकही आरोप आम्ही खोटा म्हणणार नाही. देलाक्रवा यांच्या शेजारी हे पट थंड वाटतात. मात्र प्रेक्षकांच्या गर्दीलाच दोषाचा पुरावा मानण्याची जी खोड समीक्षेला तेव्हा जडली, ती आम्हां सर्वांनाही लागलेली आहे. लोक रडले, म्हणून चित्र हलके, हा न्याय कुठला?

१८३७ नंतर देलारोश यांनी सालोंमध्ये चित्रे पाठवणेच थांबवले. त्यानंतर १८४१ पर्यंत एकोल दे बोझार्च्या सभागृहाची अर्धवर्तुळाकार भिंत त्यांनी रंगवली : सुमारे सत्तावीस मीटर लांब, तीत युगायुगांचे चित्रकार, शिल्पी, वास्तुकार एकत्र बसलेले. आम्हांस ती सभा थोडी कंटाळवाणी वाटते. १८४५ मध्ये पत्नी लुईझ वारल्या. उत्तरायुष्यातील धार्मिक चित्रांतला सूर अधिक अंतर्मुख आहे. मात्र विनोदबुद्धीही शाबूत होती. दाविदने उसळत्या घोड्यावर बसवलेल्या नेपोलियनला त्यांनी खेचरावर बसवून, थंडीने आखडलेला असा, आल्प्स ओलांडायला लावले.

जेन ग्रेचे चित्र १९०२ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीस मिळाले, टेटमध्ये ठेवले गेले, आणि १९२८ च्या थेम्सच्या पुरात नष्ट झाले असे सर्वांनी धरले. त्याचा माग काढण्याची निकडही फारशी कोणाला वाटली नसावी. १९७३ मध्ये एक अभ्यासक दुसऱ्याच एका चित्राच्या शोधात असता गुंडाळलेल्या पटांत ते सापडले; रंग बव्हंशी शाबूत होते. आज ते नॅशनल गॅलरीत लावलेले आहे आणि त्यापुढे लोक थांबतात. २०१० मध्ये तेथे त्याच्याभोवती एक स्वतंत्र प्रदर्शनही भरले.