मधल्या जागेचा प्रश्न : शिकारसाहित्यातील वेगवान काडतूस आणि पालघरचे रान

प्रास्ताविक

शिकारसाहित्याचा विचार करताना शिकाऱ्याचे धैर्य, निसर्गवर्णन आणि उत्कंठा या घटकांची चर्चा सामान्यतः होते. शिकारी कोणते काडतूस वापरतो, ही बाब मात्र शस्त्रशौकिनांसाठी सोडून दिली जाते. वस्तुतः काडतुसाची निवड ही शिकारकथेच्या रचनेशी निगडित आहे. शिकारी आणि सावज यांच्यामध्ये किती अंतर असावे, ते चालून तोडावे की गोळीच्या वेगाने, या प्रश्नाच्या उत्तरावर कथनाचा विस्तार आणि त्याची नैतिक बाजू अवलंबून असते. प्रस्तुत लेखात दूर पल्ल्याच्या शिकारीसाठी वेगवान काडतुसाचा आग्रह धरणारी विचारसरणी, जिम कॉर्बेटचे लेखन आणि वारली चित्रातील शिकारदृश्ये यांचा एकत्र विचार केला आहे. या विचाराची भूमी पालघर आणि बोईसर-तारापूर हा परिसर आहे. ही निवड केवळ सोयीची नाही, हे पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

वेगाचे गणित आणि त्याचे वाङ्मय

धूरविरहित दारूचा प्रसार झाल्यानंतर गोळीचा वेग झपाट्याने वाढला. १९२५ मध्ये अमेरिकेत आलेल्या .२७० विंचेस्टर या काडतुसाने १३० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला ३,००० फुटांहून अधिक वेगाने फेकली. १९३५ च्या .२२० स्विफ्टने अवघ्या ४८ ग्रेनच्या गोळीला ४,००० फुटांपलीकडे नेले. .२७० चा पुरस्कर्ता जॅक ओकॉनर आणि मोठ्या व्यासाच्या जड गोळीचा कैवारी एल्मर कीथ यांचा वाद अमेरिकन शिकारलेखनात दीर्घकाळ गाजला.

वेगाच्या बाजूचा युक्तिवाद समजून घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय वेगवान गोळी हवेत कमी वेळ राहत असल्याने कमी खाली येते. आपल्याकडे परवानाधारकांच्या हाती दिसणाऱ्या .३१५ रायफलीचे काडतूस मूळचे १८९० च्या ऑस्ट्रियन लष्करी काडतुसाच्या वंशातील आहे. त्या मूळ काडतुसात सुमारे २४४ ग्रेनची गोळी असे व तिचा वेग सेकंदाला सुमारे २,००० फूट होता. ढोबळ गणित केले तर ३०० मीटर जाईपर्यंत अशी गोळी नळीच्या रेषेपासून दीड मीटरहून अधिक खाली येते, तर .२७० ची गोळी पाऊण मीटरच्या आत राहते. अंतराचा अंदाज चुकला तर पहिल्या गोळीची चूक मोठी होते, दुसरीची लहान. वेगाचे खरे आश्वासन हेच आहे. तो शिकाऱ्याच्या अंदाजातील दोष झाकतो.

पण तो सर्वच दोष झाकत नाही. गोळी निघाल्यानंतर जनावराने टाकलेले पाऊल, आडवा वारा, थरथरणारा हात यांवर वेगाचा इलाज मर्यादित आहे. हलकी व अतिवेगवान गोळी फांदीवर किंवा खांद्याच्या हाडावर आदळली की अनेकदा फुटून जाते. जखम वरवरची राहते आणि जनावर निघून जाते. आणि ३०० मीटरांवर जखमी झालेल्या जनावराचा माग काढायचा तर आधी ते उभे होते ती जागा तरी सापडावी लागते. उघड्या डोंगरउतारावर रानमेंढ्यांची शिकार करणाऱ्या ओकॉनरला त्याची निवड शोभून दिसते. त्याच्या लेखनात जनावराच्या जवळ जाण्याचा उद्योगही पुष्कळ आहे. त्याच्या मागून आलेल्या लेखनात मात्र हा उद्योग गळत जातो आणि कोष्टक उरते : इतके मीटर, इतके फूट, इतका घसारा. शिकारी आणि सावज यांच्यामधली जागा या लेखनात रिकामी असते. तेथे झाड नाही, पायवाट नाही, माणूस नाही. आहे तो फक्त आकडा. या वाङ्मयाचा मुख्य दोष त्याच्या तांत्रिकतेत नसून या रिकामेपणात आहे.

कॉर्बेटचे अंतर

कॉर्बेटचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनुवादांतून मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल त्याला .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. हे काडतूस म्हणजे सात मिलिमीटर माउझर काडतुसाचेच इंग्रजी नामांतर. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल याने याच काडतुसाच्या लांब, जड व कवचबंद गोळीने शेकडो हत्ती मारले. तेही गोळीच्या वेगाच्या बळावर नव्हे. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कोठे असतो, याच्या ज्ञानाच्या बळावर. एकाच काडतुसाने दोन खंडांत मिळवलेली ही कीर्ती वेगवादी मांडणीला अडचणीची आहे.

चंपावतच्या प्रकरणात एक लहानसा प्रसंग आहे. सामान्य वाचक तो वाघिणीच्या घाईत ओलांडून जातो. समीक्षकाने तेथे थांबावे. मांसासाठी कॉर्बेट समोरच्या उतारावरील तीन गुरल टिपतो. अंतर दोनशे यार्डांच्या आसपासचे आहे. जनावरे उतारावरून घरंगळत खाली येतात. ही हकिगत गावात पोचते तेव्हा अंतर मैलाहून अधिक झालेले असते आणि साहेबाच्या जादूच्या गोळीने जनावरे केवळ मारलेली नसतात, ती त्याच्या पायाशी ओढून आणलेली असतात. कॉर्बेट ही अतिशयोक्ती मिस्कीलपणे नोंदवतो. दूर पल्ल्याची किमया ही लोककथेची सामग्री आहे, हे त्याला ठाऊक आहे. पुढे काडतुसांच्या जाहिरातींनी हीच जादूची गोळी आकड्यांच्या वेषात विकली.

त्याच्या निर्णायक प्रसंगांतील अंतर मात्र फारच थोडे आहे. चंपावतच्या वाघिणीच्या वेळी त्याच्या जवळ तीनच काडतुसे होती आणि शेवट तहसीलदाराच्या मागून घेतलेल्या बंदुकीने झाला. १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीची गाठ पडली तेव्हा डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती आणि उजव्या एकाच हाताने त्याने .२७५ रायफल सावकाश फिरवली. वाघीण काही फुटांवर बसलेली होती. येथे गोळीचा वेग निरर्थक आहे. अर्थपूर्ण आहे तो रायफल फिरवण्याचा संथपणा. गोळी सुटण्यापूर्वीची पाने या लेखनात अधिक आहेत, आणि त्या पानांत वाट, झरा, माकडांचा इशारा, गावातली बंद दारे असे सारे काही आहे. कॉर्बेटची मधली जागा भरलेली आहे. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ आणि ‘सत्तांतर’मध्ये हीच जागा बंदुकीविना भरली, हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा मानता येईल.

वारली चौकट आणि पालघरचे रान

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ पट्ट्यात वारली चित्रपरंपरा नांदते. डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरातील जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांच्यामुळे ही परंपरा जगाला परिचित झाली. या चित्रांतील शिकारी धनुष्य ताणून उभा असतो. सावज जवळच असते. दोहोंच्या मध्ये झाडाच्या फांद्या, पक्षी, मुंग्यांच्या रांगा, लाकडे वाहणाऱ्या बाया, नाचणारे कोंडाळे असे काहीही असू शकते. क्षितिज नसल्यामुळे दूर पल्ला ही कल्पनाच येथे संभवत नाही. अर्थात हे चित्र म्हणजे शिकारीचा पंचनामा नव्हे. पृष्ठभाग भरून काढणे हा या शैलीचा धर्म आहे, आणि त्यातून वारल्यांच्या शिकारपद्धतीविषयी थेट अनुमान काढणे चुकीचे ठरेल. परंतु रान हे रिकामे नसते, ही दृष्टी त्यातून निःसंशय व्यक्त होते.

आणि ती दृष्टी या भूगोलाशी इमान राखणारी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा डोंगर व किनारा असा दुहेरी आहे. जव्हार-मोखाड्याकडे, अथवा पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीच्या आसपास, झाडीमुळे नजर थोड्याच अंतरावर अडते. पश्चिमेस बोईसर-तारापूरकडे नजर मोकळी होते, पण तेथे औद्योगिक वसाहत आहे, १९६९ पासूनचे अणुवीजकेंद्र आहे, लोहमार्ग, वाड्या आणि मच्छीमार वस्त्या आहेत. जेथे झाडी आहे तेथे नजर पोचत नाही. जेथे नजर पोचते तेथे माणसे आहेत. वेगवान रायफलीची चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. अमेरिकी कोष्टकातील रिकामी जागा या जिल्ह्यात कोठेही उपलब्ध नाही.

२०२५ च्या आरंभी मनोरजवळील बोरशेती जंगलात हे अत्यंत दुःखद रीतीने समोर आले. रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने हालचाल पाहून बार टाकला. समोर जनावर नव्हते, सोबतीच होता, आणि त्याचा मृत्यू झाला. वृत्तपत्रांतून या घटनेची चर्चा मुख्यत्वे गुन्हा म्हणून झाली व ते योग्यच होते. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. झाडीतली हालचाल म्हणजे सावजच, हे गृहीतक शिकारकथांनीही पिढ्यान्‌पिढ्या जोपासले आहे. तेथे दोष काडतुसाचा नव्हता, मधल्या जागेत कोण असू शकते याच्या विस्मृतीचा होता. अधिक वेगाने ही विस्मृती केवळ अधिक दूरवर पोचली असती.

कायद्याची स्थिती याच संदर्भात वाचली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवाने संपुष्टात आले. त्यामुळे दूर पल्ल्याच्या शिकारीसाठी काडतूस निवडण्याचा प्रश्न येथील नागरिकापुढे आज वाचनापुरताच उरला आहे. मात्र पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांबाबत कलम ११ खालील लेखी परवानगीचा मार्ग शिल्लक आहे, आणि भातशेतीच्या बांधावर रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा खरी आहे. अशा प्रसंगी उपयोगी पडणारे ज्ञान वेगाच्या कोष्टकांत सापडत नाही. ते जुन्या शिकारलेखनातील मचाणाच्या वर्णनांत सापडते. जागा कोणती, वारा कोणीकडचा, पलीकडे पाडा आहे काय, याची तेथे आधी चौकशी होते. मचाणावरून जवळच्या जनावरावर खालच्या दिशेने झाडलेली गोळी, नेम चुकला तरी, बहुधा जमिनीत जाते.