तप्तमेणातील चित्र : निसर्ग, स्वानुभव आणि माध्यम

निसर्ग आणि स्वानुभव ही दोन नावे चित्रप्रदर्शनांच्या परिचयपत्रांत इतक्या सहजपणे येतात की, ती वाचून कोणाच्याही मनात प्रश्न उठत नाही. चित्रकाराला झाड दिसले, तळे दिसले, आयुष्यात काही सोसावे लागले आणि त्यातून चित्र झाले, एवढेच ह्या नावांनी कळते. झाड आणि दुःख ही तर सर्वांच्याच वाट्याला येतात. ती रंगात कशी उतरली, हा समीक्षेचा खरा प्रश्न होय. आणि तो विचारावयाचा तर तापविलेल्या मेणात रंग कालवून काढलेल्या चित्रांइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. ह्या चित्रांत माध्यम कधीच मुकाट्याने मागे राहत नाही.

प्रथम नावाचा विचार करावा. ग्रीकांनी ह्या पद्धतीला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘आत जाळून बसविलेले’ असा आहे. त्यात मेणाचा उल्लेखही नाही. आहे तो केवळ क्रियेचा. हाच शब्द लॅटिनमध्ये सम्राटाच्या स्वाक्षरीच्या जांभळ्या शाईला लागला, आणि पुढे जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन ‘इंक’ झाला. मराठीतील ‘शाई’ फारसीतून आली आणि तिचा मूळ अर्थ काळेपणा. एकाच वस्तूला एका समाजाने जळण्यावरून ओळखले, दुसऱ्याने रंगावरून. मराठी ‘मेण’ हा संस्कृत ‘मदन’ ह्या शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज आहे, आणि आपल्या भाषेत तो मऊपणाचे माप म्हणून रुळला आहे. त्यामुळे ‘मेणचित्र’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मेणाचे पुतळे किंवा मुलांचे रंगीत खडू येतात. विस्तव येत नाही. ‘तप्तमेण’ हा शब्द त्या मानाने बरा. परंतु तोही अर्धेच सांगतो. ह्या पद्धतीत उष्णता दोनदा लागते. रंग पातळ व्हावा म्हणून मेण आधी तापवावे लागते आणि बहुधा त्यात डामरासारखी राळ मिसळून त्याला कठीणपणा आणतात. नंतर दिलेला प्रत्येक थर खालच्या थराशी एकजीव व्हावा म्हणून तो पुन्हा तापवावा लागतो. ग्रीक नावाचा रोख ह्या दुसऱ्या तापविण्याकडे आहे. खेड्यांतील ‘डागणे’ हे क्रियापद त्याच्या अधिक जवळचे; पण सभ्य परिभाषेने ते उचलले नाही.

दुसऱ्या तापविण्यातच ह्या कलेचे मर्म आहे. उष्णता कमी पडली तर थर सुटतो; अधिक झाली तर खालचा थरही वितळून वर येतो आणि दोन्ही रंग गढूळ होतात. म्हणजे पूर्वी जे घडून गेले त्याला नव्या स्पर्शासाठी पुन्हा ऊब द्यावयाची, पण ते वाहून जाऊ द्यावयाचे नाही. स्वानुभवावर चित्र काढणाऱ्याला हीच मर्यादा पाळावी लागते. अनेकांना ती पाळता येत नाही, हे गढूळ चित्रांच्या संख्येवरून दिसते.

निसर्ग आणि वैयक्तिक आयुष्य ह्या जोडीचा ह्या माध्यमातील फार जुना पुरावा रोमन लेखक प्लिनी याने दिला आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील सिक्यॉन येथील पॉसियास हा ह्या पद्धतीत कीर्ती मिळविणारा पहिला चित्रकार, असे तो सांगतो. पॉसियासचे ग्लिसेरा नावाच्या माळा गुंफणाऱ्या स्त्रीवर प्रेम होते. तिच्या माळांशी स्पर्धा करता करता त्याने फुलांचे असंख्य प्रकार चित्रात आणले आणि शेवटी माळ घेऊन बसलेल्या तिचेच चित्र काढले. त्याची चित्रे आज उरलेली नाहीत. परंतु प्लिनी ‘स्फूर्ती’ सांगून थांबत नाही, स्पर्धेची गोष्ट सांगतो, हे लक्षात घेतले पाहिजे. फुले पाहून पॉसियास हळवा झाला नाही. तिच्या हातांना जे जमत होते ते मेणाला जमते का, हे त्याने पाहिले.

आता मेहरूणचा तलाव घ्यावा. जळगावकरांच्या फिरण्याची ही जागा, आणि मेहरूणची बोरे सर्वश्रुत आहेत. जलरंगाची पेटी घेऊन काठावर बसता येते. मेणाचा रंग मात्र ब्रश पात्रातून फळ्यापर्यंत जाईतोच गोठू लागतो, म्हणून शेगडी जवळ लागते आणि काम बहुधा घरातच होते. तळे मेणापर्यंत येते ते आठवणीच्या वाटेने. समोरच्या पाण्याची हुबेहूब नक्कल हा ह्या माध्यमाचा प्रांतच नव्हे. उलट, उन्हाळ्यात भेगाळणारी खानदेशी काळी जमीन, एकावर एक साचलेला गाळ, उतरलेल्या पाण्याने काठावर सोडलेल्या रेषा हे सारे खरवडता आणि थरांत बसविता येणाऱ्या मेणाला जवळचे आहे.

खानदेशच्या उन्हात मेण टिकेल का, अशी शंका कोणी घेईल. मधमाशीचे मेण सुमारे 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळते, मऊ मात्र त्याच्या बरेच आधी होते. वैशाखात पत्र्याखाली ठेवलेल्या चित्राची काळजी घ्यावीच लागेल. परंतु इजिप्तमधील फायूम येथील शवांवरील व्यक्तिचित्रे, ज्यांपैकी पुष्कळ मेणात आहेत, इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांतली असून त्याही उष्ण मुलखात कोरड्या वाळूखाली राहिली. जवळच्या अजिंठ्याचे उदाहरण याउलट आहे. तेथील चित्रे ना मेणातली, ना ओल्या चुन्यावरची. मातीच्या कोरड्या गिलाव्यावर ती काढलेली आहेत. त्यांवर नंतरच्या काळात संरक्षणासाठी चढविलेल्या लाखेच्या रोगणाने पुढे पिवळटपणा धरला, आणि रक्षणानेच रंग झाकोळले.

स्वानुभवाच्या बाबतीत आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण मार्गदर्शक ठरेल. त्यांच्या निधनानंतर 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. शेत, जाते, वैधव्य हे त्यांच्या पिढीतील असंख्य स्त्रियांच्या वाट्याला आले. पण लेवा गणबोलीचे उच्चार आणि ओवीची चाल यांत ते जसे बसले तसे इतरत्र बसले नाही. त्याच ओळी प्रमाण मराठीत लिहून पाहाव्यात, म्हणजे अनुभव तोच राहूनही काय नाहीसे होते ते कळते. चित्रकाराच्या मेणाची स्थिती ह्याहून वेगळी नाही.

आधुनिक काळात अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स याने स्वप्नात पाहिलेला राष्ट्रध्वज 1954–55 मध्ये मेणात काढला. आधी घेतलेला घरगुती रंग लवकर सुकेना, म्हणून तो मेणाकडे वळला, आणि ब्रशाचा प्रत्येक फटका आपापल्या जागी गोठून राहिला. भारतात शांती दवे यांनी हे माध्यम गंभीरपणे हाताळले. बडोद्यास त्यांना ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखा इंदूरचा मराठी शिक्षक लाभला होता. त्यांच्या अमूर्त चित्रांत मेणाच्या जाड थरांवर अक्षरांसारखे आकार उठलेले दिसतात, आणि ते कोणत्याही लिपीचे नाहीत. वाचण्याची सवय असलेला डोळा त्यांत शब्द शोधतो. शब्द लागत नाही, तेव्हा तो पृष्ठभागाकडे, ओरखड्याकडे, मेणाच्या उंचवट्याकडे वळतो. शिळेवरची झिजलेली अक्षरे वाचताना असेच होते. ह्या चित्रांना निसर्गचित्रे म्हणावे की नाही, ह्याविषयी मतभेद संभवतो. परंतु झीज हीही निसर्गाचीच क्रिया आहे, आणि ती चितारण्यासाठी दवे यांना झाड काढावे लागले नाही.