खाली कोणी उतरायचे?

पादचाऱ्यांच्या भुयारी मार्गांविषयीची आपली चर्चा दिवे, सफाई आणि सुरक्षारक्षक या तीन शब्दांपलीकडे सहसा जात नाही. आता त्यात चौथा शब्द आला आहे : भित्तिचित्रे. भिंती रंगवल्या की भुयार आपलेसे होते, असा हा समज. तो पारखायचा तर सर्वांत देखण्या उदाहरणापासूनच सुरुवात करावी.

ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाखालचा कॉयपर्सपॅसेज २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये खुला झाला. स्थानकाचे वास्तुकार पिएर कॉयपर्स यांचे नाव त्याला दिले आहे. लांबी सुमारे ११० मीटर, रचना बेंथम क्राउवेल या वास्तुसंस्थेची. पादचाऱ्यांच्या बाजूची भिंत फरशांची आहे. कोर्नेलिस बाउमेस्टर या जुन्या फरशी-चित्रकाराच्या जहाजांच्या चित्रावरून इर्मा बोम यांनी ती नव्याने रचली. छायाचित्रांत दिसते ती ही निळी-पांढरी भिंत, आणि कौतुकही तिचेच होते.

माझ्या मते या मार्गाचे यश त्या भिंतीत नाही. रूळ उंचावर असल्यामुळे इथे माणसाला जिने उतरावे लागत नाहीत. रस्त्यावरून जावे तसे सरळ आत जाता येते. वाट सरळ आहे, त्यामुळे आत शिरण्याआधीच पलीकडचा उजेड दिसतो. सायकलींची बाजू वेगळी, चालणाऱ्यांची वेगळी आणि थोडी उंच. सायकलींकडची भिंत लोखंडी जाळीची आहे, ती आवाज शोषते. आणि मुख्य म्हणजे ही वाट लोकांना हवी होती. १८८९ मध्ये उघडलेल्या स्थानकाने शहर आणि मागचे पाणी यांच्यात आडवी भिंत घातली होती. पलीकडे उत्तर भागात जाणाऱ्या मोफत होड्या लागतात. त्यामुळे वाटेवर माणसांचा राबता असतो, आणि माणूस दिसला की माणसाची भीती कमी होते. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये रस्त्यावरच्या नजरांविषयी जे मांडले, ते इथे लागू पडते. फरशांची शोभा या सगळ्यानंतरची. तेवढीच उचलून दुसऱ्या भुयारात लावली, तर देखणी पण ओसाड भिंत तेवढी मिळेल.

याची उलट बाजू बर्मिंगहॅममध्ये दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर अभियंता हर्बर्ट मँझोनी यांच्या आराखड्यातून तिथे शहराभोवती अंतर्गत वर्तुळाकार रस्ता झाला. मोटारी विनाअडथळा धावाव्यात म्हणून चालणाऱ्यांना भुयारांत उतरवले गेले. वळणांमुळे पुढचे दिसेना, आणि उतार-चढाचे कष्ट वृद्धांच्या, बाबागाडी ढकलणाऱ्या आयांच्या वाट्याला आले. पुढे शहराने या रस्त्याला गळ्यातला काँक्रीटचा पट्टा म्हणायला सुरुवात केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून विचार बदलला. अनेक भुयारे बुजवली गेली, वरून ओलांडण्याच्या जागा आल्या. तिथे दिवे वाढवून भागले नाही, रस्ताच बदलावा लागला.

मग भुयार कधीच नको का? तसेही नाही. अँटवर्पमध्ये शेल्ड नदीखालचा १९३३ चा सिंट आना मार्ग ५७२ मीटर लांब आहे, आणि तो आजही चालू आहे. नदी सिग्नल लावून थांबवता येत नाही, आगगाडीही नाही. मोटार मात्र थांबवता येते. माझा निकष हाच आहे : पाण्याखालून, रुळांखालून जाणारे भुयार बहुधा गरजेचे असते, रस्त्याखालून जाणारे भुयार बहुधा रस्त्याच्या चुकीची भरपाई असते. ती भरपाई करतो तो चालणारा.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचा भुयारी मार्ग रस्त्याखालचाच. तिथल्या दुकानांमुळे वाट अरुंद होते, ही तक्रार खरी आहे. पण दुकाने हटवा म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की दिवसा तिथे भीती वाटत नाही ती त्याच दुकानांमुळे. शटर ओढले गेल्यावर त्याच जिन्याशी एकट्या बाईची पावले मंदावतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या २०११ च्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकाने मुंबईतल्या स्त्रियांच्या निरुद्देश रेंगाळण्याच्या हक्काचा प्रश्न मांडला. भुयाराला तो प्रश्न लावून पाहावा. जिथे बाई फक्त झपाझप चालून सुटका करून घेते, ती जागा सुरक्षित म्हणता येणार नाही, मग तिथे कितीही कॅमेरे असोत.

म्हणून नव्या भुयाराचा आराखडा समोर आला, तर रंगसंगती शेवटी पाहावी. आधी विचारावे : वरून का जाता येत नाही? तोंडाशी उभे राहिले तर दुसरे टोक दिसते का? गुडघे दुखणाऱ्याने, चाकाच्या खुर्चीने जायचे कसे? रात्री दहानंतर तिथे कोण असेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘मोटारींना थांबावे लागेल’ एवढेच असेल, तर उरलेले प्रश्न विचारण्याची गरज नाही. त्या जागी भुयार नको, सिग्नल हवा.