कार्यप्रणाली बदलण्यातील संकोच : तारापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक असल्याने अनेक जुने संगणक अधिकृतपणे अपात्र ठरतात. अशा संगणकांवर लिनक्स विनामूल्य चालू शकते. तरीही तिकडे वळणारे थोडेच. अज्ञान किंवा आळस हे त्याचे कारण सांगण्याचा प्रघात आहे. हे निदान उथळ आहे.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायन, औषध वा पोलाद कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी मागणाऱ्या पदवीधराकडून टॅली व एक्सेलची अपेक्षा असते. टॅली मुळात विंडोजवरची आज्ञावली. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनीही संगणक शिकविला तो मुख्यतः विंडोज व ऑफिसच्या आधारे. त्यामुळे बोईसर-पालघरच्या विद्यार्थ्याचा संकोच हा रोजगाराचा हिशेब ठरतो, आणि तो हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी वळणांना रोमन अक्षरांचे संकेतांक दिलेले असतात. त्यात टंकलेला ‘मराठी’ हा शब्द फॉन्ट नसलेल्या संगणकावर ई, जे, के, बी, एच असा दिसतो. फॉन्ट लिनक्सवर नेता येतो. पण पेजमेकरमध्ये जुळविलेले वार्षिकांक सहज नेता येत नाहीत, आणि युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर जोडाक्षरे पुन्हा तपासावी लागतात. मात्र विंडोज २००० पासून विंडोजमध्येच युनिकोड देवनागरीची सोय असूनही जुने फॉन्ट वर्षानुवर्षे टिकले, ही बाब दुर्लक्षित राहते. म्हणजे येथे प्रणाली बदलण्याचाही प्रश्न नव्हता. संचित मजकूर आणि बोटांना झालेली कळफलकाची सवय हाच खरा अडसर होता.

सी-डॅकने २००७ मध्ये लिनक्सवर आधारित ‘बॉस’ प्रणाली प्रसृत केली. ती विनामूल्य होती, भारतीय भाषांची सोय त्यात होती; तथापि सामान्य वापरकर्त्यात ती रुजली नाही. उलट केरळच्या सरकारी शाळांनी त्याच दशकात मुक्त आज्ञावलींचा स्वीकार केला, तेव्हा शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके व परीक्षा यांत एकत्रित बदल झाला. एकट्या वापरकर्त्यावर बदलाचा भार पडला नाही.

महाराष्ट्रातील संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांत लिनक्स आहेच. प्रयोगशाळेत विद्यार्थी त्याच्या आज्ञा गिरवितात. महाविद्यालयाच्या कार्यालयात मात्र अर्ज, निकालपत्रके व हिशेब बहुधा विंडोजवरच चालतात, आणि हा विरोधाभास विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नसावा.