‘ग्रामीण’ या शब्दाची वेस

‘ग्रामीण साहित्य’ आणि ‘दलित साहित्य’ ही दोन नावे आपल्या अभ्यासक्रमांत शेजारीशेजारी छापली जातात. ती वेगळी का, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : एक प्रदेशाचे नाव, दुसरे जाणिवेचे. हे उत्तर मला मान्य नाही. ‘ग्रामीण’ हे केवळ प्रदेशाचे नाव असते, तर महारवाडा-मांगवाडा आपोआप त्यात आला असता. तो का आला नाही, हे त्या शब्दालाच विचारले पाहिजे.

‘ग्राम’ म्हणजे घरांची वस्ती, असे आज आपण समजतो. मुळात तो माणसांच्या जमावाचा शब्द आहे. वैदिक वाङ्मयात गुरे-गाड्यांसह फिरणारी टोळी म्हणजे ग्राम; शतपथ ब्राह्मणातील शर्यात मानव आपल्या ग्रामासह हिंडतो. ‘संग्राम’ या शब्दातही तोच जमाव आहे. टोळी स्थिरावली आणि तिचे नाव जमिनीला चिकटले. म्हणजे या शब्दात ‘कोण’ आधी आहे, ‘कुठे’ नंतर आले.

पाणिनीने ‘ग्राम्य’ आणि ‘ग्रामीण’ हे दोन्ही शब्द एकाच सूत्रात (४.२.९४) साधले आहेत. पुढे काव्यशास्त्राने ‘ग्राम्य’ला काव्यदोषांत ढकलले, मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त तो दोष म्हणून आहे. मराठीत तेच काम ‘गावंढळ’ने केले. पांढरपेशांच्या या तुच्छतेविरुद्ध शेतकरी समाजातील लेखक ‘ग्रामीण’ हे नाव अभिमानाने लावून उभे राहिले, हे न्याय्यच होते. त्या बंडाचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु ज्या गावाचा अभिमान धरला गेला, ते गाव कोणाचे होते?

याबाबत लोकभाषा समीक्षेहून प्रामाणिक आहे. तिने शेताला ‘काळी’ म्हटले, वस्तीला ‘पांढरी’. पांढरीभोवती गावकूस, कुसाला वेस आणि वेशीच्या राखणीला येसकर महार. राखणाऱ्याचे घर मात्र वेशीबाहेर! महारवाड्यातला म्हातारा ‘गावात जाऊन येतो’ म्हणे, तेव्हा तो परगावी निघालेला नसे. वेशीतून आत जात असे. त्याच्या लेखी तो गावात राहत नव्हता, गावासाठी राबत होता.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने ही रचना तपशिलाने नोंदली. पण ‘गाडा’ म्हटले की सर्वांनी मिळून चालवलेल्या संसाराचे चित्र उभे राहते. महाराच्या वाट्याला त्यात काय होते? वर्दी देणे, मेलेली गुरे ओढणे, सरकारची आणि गावाची पडेल ती कामे. बदल्यात तुटपुंजी वतनी जमीन आणि दारोदार मागून आणायचे बलुते. म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याचे समर्थन केले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८चा आहे.

आता पुस्तकांची नावे पाहा. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१). बलुते आणि तराळ यांहून अस्सल गावचे शब्द कोणते? तरीही आमची समीक्षा या पुस्तकांना ‘ग्रामीण’ म्हणत नाही. याचा अर्थ उघड आहे. हा शब्द भूगोल सांगत नाही, तो गावकीचे सभासदत्व सांगतो. आपल्या जुन्या अर्थाशी तो इमान राखून आहे.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो आवश्यकच होता. पण फलक बदलला म्हणून शब्दातली वेस पडत नाही.

दलित साहित्याला ‘ग्रामीण’मध्ये प्रवेश द्या, अशी माझी मागणी नाही. आपण वेशीवर अर्ज घेऊन उभे नाही. शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या मित्रांना माझे सांगणे एवढेच : गावाविषयीची कोणतीही कथा वाचताना तिचा निवेदक वेशीच्या कोणत्या बाजूला उभा आहे आणि पलीकडची माणसे त्याला दिसतात काय, हे आधी तपासा. दिसत नसतील, तर ते अर्ध्या गावाचे साहित्य आहे, असे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही निर्भयपणे लिहा.